एकतीस वर्षं हरलेला वकील

बेल्मिरो मेस्त्री धंद्याने शिंपी आणि वर्षातून एक दिवस वकील. आफ्रिकेजवळच्या आमच्या साओ तोमे बेटावर, निदान आमच्या गावात, संताच्या जत्रेला राजदरबाराचं नाटक होतं. राजपुत्राने खून केलेला असतो, मेलेल्याची शवपेटी चौकात ठेवलेली असते आणि सकाळी दहाला उभा राहिलेला खटला चारला संपतो. भूमिका वारशाने मिळते आणि गुडघे जाईपर्यंत सुटत नाही. माझ्या वाट्याला बासरी आली, बेल्मिरोच्या वाट्याला राजपुत्राची वकिली. राजपुत्राला देहदंड ठरलेला. थोडक्यात, बेल्मिरो एकतीस वर्षं एकच खटला हरत होता. बायका त्याच्याकडे झगे शिवायला टाकत. भांडणात मध्यस्थीला मात्र कुणी बोलावत नसे.

यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिला. पुढच्या जत्रेपासून वकिलाचा काळा कोट पुतण्याकडे जायचा होता.

“एकदाच त्या पोराला सोडवायचंय,” तो बायकोला म्हणाला.

“आधी नीरफणस खा,” डोमिंगास म्हणाली. “एकतीस वर्षं कोंबडा आरवला असता, तरी एखादा खटला जिंकला असता.”

नाटकात बाकीचे पाठ केलेलं बोलतात. वकिलांना मनचं बोलायची मुभा असते. जत्रेच्या दिवशी दुपारी राजपुत्राचं कबुलीपत्र दरबारात आलं. बेल्मिरोने हात पुढे केला.

“महाराज, पत्र बघू.”

हे आजवर कुणी मागितलंच नव्हतं. त्याने चष्मा लावून कागद उलटसुलट केला.

“हे कॅलेंडरचं पान आहे. ऑगस्ट महिना. मागे कुणाच्या तरी बाळाच्या लशीच्या तारखा आहेत.”

आमच्या बासऱ्या थांबल्या. मासळीवाल्या टोपल्यांवर उभ्या राहिल्या. “सोडा पोराला!”

राजा म्हणजे बंदरावर बर्फ विकणारा लौरिंदो. जाळीच्या मुखवट्याआडून तो घरच्या आवाजात म्हणाला, “अरे, माझ्या पाठात हे नाही!”

“निकाल दे,” बेल्मिरो म्हणाला.

“मग पेटीतल्याला मारलं कुणी?”

“ते शोधणं तुझं काम. राजा तू आहेस.”

मेलेल्याची आई, म्हणजे मिशीवाला सुतार, छाती बडवू लागली. लौरिंदोने प्रधानांकडे पाहिलं. प्रधान आभाळाकडे पाहत होते. शेवटी त्याने राजदंड आपटला.

“पुरावा संशयास्पद. खटला पुढच्या वर्षावर ढकलला आहे. वकील बदलता येणार नाही.”

हे इतकं खऱ्या कोर्टासारखं झालं की कुणी हरकत घेतली नाही. फक्त राजपुत्र कुरकुरला. चारला मरून घरी जेवायला जायची त्याची सवय. “मी आता उभाच राहू का?”

“लेव-लेव,” सगळे म्हणाले. म्हणजे, दमानं घे.

संध्याकाळी बेल्मिरो लंगडत घरी आला.

“हरला नाहीस,” डोमिंगास म्हणाली.

“नाही.”

“सुटलाही नाहीस.”

“पाणी तापव, गुडघे शेकायचेत,” तो म्हणाला. मग त्याने कोट उजेडात धरला. बाही गेली कित्येक वर्षं उसवलेली होती. हरणाऱ्या वकिलाला चालून जात होती. त्याने सुईत दोरा ओवला.