आक्काताईच्या उसात पडलेला दगड

मंडळी, आज दुपारपासून मी भारावून गेले आहे.

कसबा बावड्यात माझी मैत्रीण आक्काताई हिच्या उसात आकाशातून दगड पडला. तिने शेंदूर फासून तो देव्हाऱ्यात बसवला. आपल्याच ग्रुपवरच्या शहाण्यांनी न बघता ठरवलं, साखर कारखान्याच्या बॉयलरमधला जळका खडा! माझं डोकं फिरलं. दगड घेऊन तिला कॉलेजात नेलं.

भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, "ओळखायचा तर पातळ चकती कापावी लागेल."

"देवाला करवत लावतासा व्हय?" आक्काताई खवळली. मग माझ्याकडे वळली. "कापू दे. पर देव न्हाय निघाला तर तुझं तोंड बघणार न्हाय."

आज ती चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. निळे, पिवळे, जांभळे गोल दाणे! प्राध्यापकांनी ओळख करून दिली: ऑलिव्हिन, पायरॉक्सिन ही खनिजं, मधे लोखंडाचे कण. असे दाणे पृथ्वीवरच्या खडकात नसतात. म्हणून हा काँड्राइट जातीचा उल्कापाषाण. दाण्यांच्या कडा रेखीव आहेत, म्हणजे घडल्यावर तो फारसा तापलेला नाही. सूर्यमाला घडतानाचा, वयाने पृथ्वीपेक्षा थोरला!

आक्काताईने डोळा लावला तो काढेचना. शेवटी हळूच म्हणाली, "देव न्हाय गं. देवाचा आजा हाय की ह्यो!"

मला उलट उत्तर द्यायची जन्माची खोड. आज मात्र मीच त्या आज्याला हात जोडले. बॉयलरवाल्या शहाण्यांनो, तुम्ही कधी जोडताय?