आमच्याकडे दुखरीच मिळेल

डॉक्टरांना लहान मुलं मनापासून आवडत. मुलांबरोबर आईबाप येतात, एवढीच त्यांची तक्रार होती. जुन्या पनवेलात भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचा बाळांचा दवाखाना होता आणि तिथल्या काउंटरवर मी बरीच वर्षं काढली; माझ्या मुलालाही तिथेच टोचलं. त्या सगळ्या वर्षांत त्यांनी एकाही पोरावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. एखाद्या बापाशी सरळ बोललेलंही आठवत नाही. पोराच्या पोटाला गुदगुल्या करता करता ते बापाला म्हणायचे, "तुम्ही बाहेर बसा. काय होतंय ते हा मला सांगतोय, तुम्ही उगाच मध्ये बोलताय." पोर असायचं सहा महिन्यांचं.

गावात त्यांना खडूस डॉक्टर म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. तरी बाकावर बसायला जागा मिळायची नाही. जो डॉक्टर जास्त खेकसतो त्याला जास्त कळतं, अशी आपल्या लोकांची समजूत आहे. या समजुतीवर डॉक्टरांचं बरं चाललं होतं आणि माझा पगारही त्यातूनच निघत होता, त्यामुळे मी कशाला बोलू.

मग ती बिनदुखी लस आली. डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात यांची त्रिगुणी लस सगळ्यांच्या ओळखीची. पोराची मांडी सुजते, रात्री ताप भरतो, घरभर जागरण. आता परदेशी कंपनीची नवी लस निघाली होती, तिने ताप फारसा यायचा नाही. लोक तिला पेनलेस म्हणू लागले. दुखण्याला पैसे कमी आणि न दुखण्याला जास्त. कंपनीचा टाय लावलेला मुलगा दर आठवड्याला बॅग घेऊन यायचा आणि डॉक्टर त्याला दर आठवड्याला चहा पाजून परत पाठवायचे. आयांनी विचारलं की उत्तर ठरलेलं: "आमच्याकडे दुखरीच मिळेल."

खारघरहून एकदा एक बाप आला होता. हातात इंटरनेटवरून छापून आणलेल्या कागदांचा गठ्ठा. "डॉक्टर, मी इंजिनियर आहे. माझ्या मुलीला कुठली लस द्यायची हे ठरवण्याचा मला अधिकार आहे."

"आहे ना," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही पूल बांधता तेव्हा मी येऊन सांगतो, सिमेंट कुठलं घालायचं ते."

माणूस लालबुंद झाला. मुलीने मात्र तेवढ्या वेळात डॉक्टरांच्या गळ्यातली नळी तोंडात घातली होती आणि ती काढून घ्यायला डॉक्टर तयार नव्हते.

आता गंमत सांगते. त्यांच्या हट्टामागे चांगलं कारण होतं. एकदा दुपारी चहा पिता पिता त्यांनी मला सांगितलं. दुखरी अंगात जरा जास्त दिवस टिकते, बिनदुखीने ताप कमी येतो, दोन्ही चालतात, पण निवडायचीच तर मी टिकणारी निवडीन. झालं. चौथी शिकलेल्या बाईला कळेल अशी गोष्ट. मी म्हटलं, "मग हेच त्या आयांना सांगा की."

"सांगितलं की चर्चा होते," डॉक्टर म्हणाले आणि कप खाली ठेवला. माणूस बरोबर असून इतका डोक्यात कसा जाऊ शकतो, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले.

त्यांची सगळ्यात मोठी भक्त म्हणजे सुकापूरची हिराबाय. घरच्या जमिनीला भाव आला, दारात मोठी गाडी आली, पण नातवंडांना टोचायचं ते खडूसकडेच. सून मागे गुपचूप उभी. हिराबायचा हिशेब वेगळा होता. "ताप नाय आला त सुई लागली कशावरनं?" असं ती अख्ख्या बाकाला विचारायची. लस टोचली की दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन काउंटरवर सांगून जायची, "भरला हां ताप, चांगला भरला," जशी काही पोराला शाळेत बक्षीस मिळालंय. डॉक्टर मला हळूच म्हणायचे, "कारण चुकीचं आहे, पण बाई बरोबर आहे." सुनेला काय वाटतं, ते तिच्या सासूने विचारलं नाही आणि डॉक्टरांनीही नाही.

डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेला सागर याच सुमाराला वेगळा झाला. त्याने खारघरला दवाखाना काढला. गार हवा, माशांची काचेची टाकी, आणि टेबलावर प्लास्टिकमध्ये घातलेलं कार्ड. त्यावर सगळ्या लशी ओळीने: देशी, परदेशी, दुखरी, बिनदुखी, एका सुईत अनेक. डॉक्टरांच्या कानावर आलं तेव्हा ते म्हणाले, "हॉटेलात असतं तसं. साधा वेगळा, मसाला वेगळा." त्या वर्षी आमचा अर्धा बाक तिकडे गेला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं, हवा खेळती राहते.

डॉक्टरांना एकुलती एक मुलगी, मेधा. ती बँकेत होती, सासर खारघरला. तिला मुलगा झाला तेव्हा डॉक्टरांनी मला, भाजीवाल्याला आणि त्या टायवाल्या मुलालासुद्धा पेढे दिले. मुलगा दीड महिन्याचा झाल्यावर ती त्याला घेऊन दवाखान्यात आली. डॉक्टरांनी सकाळपासून सुई, कापूस, थंड पाण्याची घडी, सगळं स्वतः मांडून ठेवलं होतं. मला हातसुद्धा लावू दिला नाही.

मेधाने विचारलं, "बाबा, कुठली देताय?"

"नेहमीची."

"दुखरीच द्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त का ते आधी मला सांगा. आणि मग मला विचारा."

"विचारायचं काय त्यात? मी डॉक्टर आहे."

"आणि मी त्याची आई आहे."

"आईइतकं घाबरट माणूस जगात नाही," डॉक्टर म्हणाले. "घाबरलेल्या माणसाला विचारून औषध देत नसतात."

मेधाने मुलाला दुपट्यात गुंडाळलं, पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. ओरडली नाही, काही नाही. दारातून एवढंच म्हणाली, "तुम्ही आईलाही कधी विचारलं नाहीत." तिची आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. डॉक्टर मांडलेली सुई बघत उभे राहिले. अख्ख्या पनवेलची पोरं त्यांनी टोचली होती आणि सख्खा नातू त्याच संध्याकाळी सागरकडे टोचून घेऊन आला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मला त्यांची कीव आली आणि लगेच वाटलं, भोगा आता आपल्या कर्माची फळं.

महिनाभर ते मुलांशीसुद्धा बोलेनासे झाले. मग एका सकाळी मला म्हणाले, "शटर ओढ. खारघरला जायचंय. सागरची ती बिल्डिंग मला सापडायची नाही, तू चल." बिल्डिंग हायवेवरून दिसते. मी शटर ओढलं आणि रिक्षात बसले.

नातवाच्या दुसऱ्या डोसचा दिवस होता. मेधा माशांच्या टाकीजवळ बसली होती, बापाला बघून उठली नाही. सागर मात्र धावत आला, पाया पडला, स्वतःची खुर्ची पुढे केली. "सर, तुम्हीच द्या. सांगा, कुठली काढू?" आणि सवयीने ते कार्डही त्यांच्या हातात दिलं.

डॉक्टरांनी कार्ड उलटंपालटं केलं. मला वाटलं, आता हॉटेलचा विनोद येणार आणि सगळंच मुसळ केरात जाणार. पण ते मेधाकडे वळले आणि शाळेतला मुलगा धडा म्हणतो तसे म्हणाले, "दुखरी जरा जास्त दिवस टिकते. बिनदुखीने ताप कमी येतो. दोन्ही चालतात. मी दुखरी दिली असती." मग घसा खाकरला. "कुठली देऊ?"

मेधा म्हणाली, "बिनदुखी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला वाटलं, म्हातारा आता उठून जातोय. पण त्यांनी हात धुतले आणि ज्या लशीला ती आल्यापासून नावं ठेवली, तीच स्वतःच्या हाताने नातवाला टोचली. नातवाने असं भोकाड पसरलं की बाहेरच्या आया उठून उभ्या राहिल्या. "बिनदुखी म्हणे," डॉक्टर पुटपुटले आणि त्याला खांद्यावर घेऊन टाकीतले मासे दाखवायला गेले. मेधाने डोळे पुसले. मीही पुसले, उगाच खोटं कशाला बोला.

इथं थांबले असते तर ते खडूस डॉक्टर कसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बिनदुखी मागवली आणि येईल त्या आईला, एकेकीला समोर बसवून, विचारायला सुरुवात केली. हिराबाय नवा नातू घेऊन आली, सून मागे. डॉक्टरांनी दोन्ही लशींची माहिती सांगितली आणि म्हणाले, "बोला हिराबाई, कुठली देऊ?"

हिराबाय त्यांच्याकडे बघतच राहिली. "मना काय इचारता? डाक्टर तुमी का मी?"

तेवढ्यात मागून सून म्हणाली, "बिनदुखीची द्या." तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. हिराबायने नातू उचलला, सुनेचं मनगट धरलं आणि दोघांना घेऊन बाहेर पडली. जाताना बाकाला सांगून गेली, "मानूस म्हातारा झाला. त्याला आता कलत नाय."

सून दुसऱ्या दिवशी एकटी रिक्षाने आली, पोराला बिनदुखी टोचून घेऊन गेली. पण हिराबायचं बोलणं गल्लीगल्लीत पोचलं होतं. डॉक्टर हल्ली आपल्यालाच विचारतात, म्हणजे त्यांना काही येईना झालंय. उरलेला बाकही रिकामा झाला. डॉक्टर मला म्हणाले, "तीस वर्षं खेकसलो तर देव होतो. एकदा विचारलं तर म्हातारा झालो." वर्षभरात दवाखाना बंद करून ते मेधाकडे राहायला गेले. चारेक वर्षं नातवाला खेळवलं आणि गेले.

मी आता सागरच्या काउंटरवर बसते. आया कार्ड वाचतात, नवऱ्याला फोन लावतात, बहिणीला फोटो पाठवतात, आणि शेवटी माझ्याकडे येतात. परवा एक अशीच आली, कार्ड हातात चुरगळलेलं, डोळे रडवेले.

"ताई, तुमच्या मुलाला कुठली दिली होती?"

"दुखरी."

"तुम्ही कशी निवडलीत?"

"मी कुठली निवडतेय. मला कुणी विचारलंच नव्हतं."

"बरं होतं हो तुमचं," ती म्हणाली.

डॉक्टरांची इतकी आठवण मला ते गेल्यापासून कधी आली नव्हती. आणि त्यांचा इतका रागही.