थेल्मा रेंटनचा पत्ता

थेल्मा रेंटननं सत्तावीस वर्षं टपाल वाटलं आणि एकही पाकीट चुकीच्या दारात टाकलं नाही. हे ती स्वतःच सांगायची, पण त्यात बढाई नसायची. ट्वीड नदीच्या दोन्ही काठांवरची खेडी तिच्या फेरीत होती. एक काठ इंग्लंडचा, दुसरा स्कॉटलंडचा, मधे साखळ्यांचा जुना पूल. तिची लाल व्हॅन दिवसातून चार वेळा तो पूल ओलांडायची आणि आपण देश बदलला हे तिच्या मनातही यायचं नाही. आमच्यापैकी कुणाच्याच येत नाही. या काठाची मुलगी त्या काठाला दिली जाते, त्या काठाची मेंढी या काठाला विकली जाते, आणि दोन्हीकडचे लोक वाणसामानाला बेरिकलाच जातात.

टपालखातंही तसंच. बेरिक इंग्लंडमध्ये आहे, पण स्कॉटलंडच्या काठावरच्या पाचसहा वाड्यांचं टपाल तिथूनच येतं. म्हणून त्या वाड्यांच्या पत्त्यातही बेरिक आणि पोस्टकोडही बेरिकचाच. एखाद्या हौशी माणसानं पाकिटावर शेवटी ‘स्कॉटलंड’ असं लिहिलं, की थेल्मा त्याला सुनावायची, “उगाच शाई कशाला वाया घालवता? बेरिक लिहा आणि कोड लिहा. बाकीचं मी बघते.”

सेहेचाळिसाव्या वर्षी तिचा उजवा पाय ओढला जायला लागला. मज्जातंतूंचा आजार निघाला, बरा न होणारा. पहिली दोन वर्षं तिनं कुणाला सांगितलं नाही, काठी टेकत टेकत फेरी केली. एकदा बर्फात मॅकफीच्या फाटकापाशी पडली, तेव्हा छातीशी धरलेलं टपाल कोरडं होतं आणि ती कमरेपर्यंत भिजली होती. मग नोकरी सुटली. सरकारचा अपंग भत्ता सुरू झाला आणि त्या भत्त्यावर एक गाडी मिळाली. निळी, चाकांच्या खुर्चीसकट आत जाता येणारी. ब्रेक आणि वेग दोन्ही हातानं, एकाच दांड्यावर.

त्या गाडीनं ती आठवड्यातून तीनदा बेरिकच्या पोहण्याच्या तलावावर जायची. तिथलं पाणी कोमट असतं. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं की थेल्मा चालायची. खरंच चालायची, एक पाय पुढे, मग दुसरा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. अख्ख्या जगात तेवढ्या एकाच ठिकाणी ती चालू शकत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाणी सुटलं तर पाय आखडतील आणि आखडलेले पाय परत सुटायचे नाहीत.

इंग्लंडच्या काठावरचं तिचं घर भाड्याचं होतं, दोन मजली, वर जायला अरुंद जिना. सहा वर्षं ती खालच्या खोलीत, सोफ्यावर झोपली. मग मालकानं ते कुणाचं तरी सुट्टीतलं उन्हाळी घर म्हणून विकायला काढलं. नेमकं तेव्हाच समोरच्या काठावर नगरपालिकेचं एक बैठं घर रिकामं झालं. रुंद दारं, उतार केलेली पायरी, न्हाणीघरात धरायला दांडे. थेल्माला ते मिळालं. मार्च महिन्यात तिनं सामान हलवलं. पुलावरून दोन मैलांचं अंतर. नव्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जुन्या घराचं धुराडं दिसत होतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं भत्त्याच्या कचेरीला फोन केला. नियमाची बाई ती. पत्ता सांगितला तोही नियमानं, टपालखात्याच्या पद्धतीनं. वाडी, बेरिक, कोड.

“म्हणजे बेरिकमध्येच ना?” फोनवरची मुलगी म्हणाली. “छान. नोंद बदलली.”

थेल्मानं फोन ठेवला आणि चहा टाकला. चूक झाली ती इथेच, आणि ती तिचीच होती असं तिला नंतर तीन महिने ऐकवण्यात आलं.

शेजारचा वॉट ऑर्मिस्टन म्हातारा मेंढपाळ. बोलणं तिरकं, पण रोज सकाळी तिची दुधाची बाटली आत आणून ठेवायचा. एप्रिलच्या शेवटी तो ओट्याला टेकून म्हणाला, “पोरी, तू आता आमच्या देशाची झालीस. तुझा भत्ता आता आमच्या कचेरीनं द्यायचा असतो. माझ्या भाचीचं असंच झालं होतं. तू त्यांना कळवलंस का?”

“मी दोन मैल आले, वॉट. देश कसला सोडते?”

“मला नको सांगू. त्यांना सांग.”

तिनं पुन्हा फोन लावला. आता दुसरा माणूस होता.

“तुम्ही इंग्लंड सोडलंत?” त्याचा आवाज एकदम कडक झाला. “आणि हे आम्हाला कळवलं नाहीत?”

“दुसऱ्या दिवशी कळवलं. पत्ता दिला.”

“तुम्ही बेरिक सांगितलंत. बेरिक इंग्लंडमध्ये आहे.”

“टपाल बेरिकचं आहे. घर स्कॉटलंडमध्ये आहे. सत्तावीस वर्षं मी तिथं टपाल टाकलंय, मला माहीत आहे ते घर कुठे आहे!”

“बरं. तुमच्या आजारात काही बदल?”

“नाही. पाय मी पलीकडे ठेवून आले नाही. ते माझ्याबरोबरच आले.”

त्याला हसू आलं नाही. घर बदलल्यापासून तेरा आठवड्यांनी भत्ता बंद होईल, असं त्यानं सांगितलं. गाडी त्या भत्त्यावरची असल्यामुळे तीही परत घेतली जाईल. तोपर्यंत स्कॉटलंडच्या कचेरीत नवा अर्ज करावा. सात आठवडे उरले आहेत. शुभ दिवस.

तिनं अर्ज केला. जाडजूड अर्ज, प्रत्येक पानावर तोच छळ. किती पावलं चालता, किती वेळा पडता, अंघोळ कोण घालतं. दहा वर्षांपूर्वी एकदा लिहून झालेलं सगळं तिनं वाकड्या बोटांनी पुन्हा लिहिलं. शेवटच्या पानावर पत्ता. हात सवयीनं चालला. वाडी, बेरिक, कोड.

अर्ज तीन आठवड्यांनी परत आला. दिलेला पत्ता इंग्लंडमधील असल्यामुळे विचार करता येत नाही.

थेल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपायात तिला एरवी काही जाणवत नाही, पण ही आग जाणवली. तिनं फोन उचलला आणि अर्धा तास बॅगपाइपचं संगीत ऐकून स्कॉटलंडच्या कचेरीतल्या एका बाईपर्यंत पोचली. बाई गोड होती, आणि गोड माणसांचा राग जास्त येतो.

“मी समजू शकते, मिसेस रेंटन.”

“तुम्ही समजू नका, नकाशा उघडा.”

“यंत्र कोडवरून पत्ता ओळखतं. कोड बेरिकचा आहे.”

“माझं घर नगरपालिकेचं आहे. तुमच्या देशातल्या नगरपालिकेचं. भाड्याचं पत्र पाठवलं होतं.”

“ते मिळालं. पण त्यावरही बेरिकच आहे ना! आम्हाला जुन्या बाजूचा कागद लागेल, म्हणजे तुम्ही तिथून निघून स्कॉटलंडला आलात असं लिहिलेला. तो एकदा आला की लगेच नोंद करता येईल.”

मग जुन्या कचेरीला फोन. तिथे तिसराच माणूस. कागद मिळेल ना, मिळेल, तो म्हणाला, फाईल बंद झाली की कागद निघतो.

“मग बंद करा.”

“गाडी जमा झाल्याशिवाय फाईल बंद होत नाही.”

थेल्मानं फोन मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. गाडी वाचवायची तर कागद हवा. कागद हवा तर गाडी द्यायची. कुठल्या तरी शहाण्यानं पगार घेऊन, टेबलाशी बसून, कॉफी पीत ही रचना केली असणार. आणि त्याला कुणी विचारलं नसेल की बाबा रे, नदी ओलांडल्यानं कुणाचे पाय बरे होतात का? मलाही हे लिहिताना संताप येतो. माणूस आंधळा असतो तो दोन्ही काठांवर आंधळाच असतो. पण या लोकांना प्रत्येक काठावर त्याची वेगळी परीक्षा घ्यायची असते.

“मग परत पलीकडे राहायला जा,” वॉट म्हणाला.

“जिना चढून?”

वॉटनं खिशातून तंबाखू काढली, परत ठेवली, आणि उगाचच तिच्या कुंड्यांना पाणी घालायला गेला.

चौदाव्या आठवड्याच्या मंगळवारी, गाडी न्यायला येणार असं कळवलेल्या दिवशी, सकाळी दहाला फोन वाजला. आदल्या दिवशी ती तलावावर जाऊन आली होती आणि नेहमीपेक्षा चार फेऱ्या जास्त चालली होती.

“मिसेस रेंटन? मी कॉलिन, गाडी न्यायला आलोय. पण घर काही सापडत नाही. माझं रस्ता दाखवणारं यंत्र म्हणतंय की मी तुमच्या दारातच उभा आहे.”

“समोर काय दिसतंय?”

“नदी. आणि एक झुलता पूल. त्यावर माझा ट्रक जाणार नाही, तशी पाटी आहे.”

थेल्मानं खुर्ची खिडकीशी नेली. पलीकडे, तिच्या जुन्या रस्त्यावर, पिवळा ट्रक उभा होता. शेजारी एक जाडसा माणूस कानाला फोन लावून चहूकडे बघत होता. त्यांच्याही यंत्रानं त्याला इंग्लंडमध्येच पाठवलं होतं.

वॉट दारात होता. त्यानं सगळं ऐकलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “ठेव फोन. हिंडू दे लेकाला.”

ठेवता आला असता. तो तासभर हिंडला असता, वैतागून परत गेला असता, आणि गाडी आणखी पंधरा दिवस राहिली असती. पंधरा दिवस म्हणजे सहा वेळा पाणी. थेल्माचा अंगठा बटणावर गेलासुद्धा. पण सत्तावीस वर्षांत तिनं कुणालाही चुकीचा पत्ता सांगितला नव्हता. या असल्या सरकारसाठी ती आता सुरुवात करणार नव्हती.

“तुम्ही चुकीच्या काठावर आहात,” ती म्हणाली. “मागे वळा. बेरिकला जा, मोठा पूल ओलांडा, मग डावीकडे. धान्याच्या कोठारानंतर दुसरं वळण. पांढरं फाटक, उतार केलेली पायरी.” सांगताना तिला त्याचा नव्हे, स्वतःच्या सरळपणाचा राग येत होता.

पाऊण तासानं ट्रक आला. कॉलिन पन्नाशीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला. गाडीत वाकून त्यानं तो हाताचा दांडा पाहिला. धरून धरून त्याचा रंग गेला होता.

“माझ्या हातात असतं ना, बाई, तर...”

“तुमच्या हातात नाहीये. कुणाच्याच हातात नसतं. म्हणून तर हे चालतं! पावती दाखवा.”

त्यानं छापील कागद पुढे केला. ताबा घेतल्याचं ठिकाण या रकान्यात आधीच लिहून आलं होतं, वाडी, बेरिक, कोड.

“याच्या खाली लिहा, स्कॉटलंड.”

“मला फक्त गाडीचे ओरखडे लिहायचे असतात.”

“तुम्ही आत्ता कुठे उभे आहात?”

“इथे.”

“इथे म्हणजे कुठल्या देशात?”

कॉलिननं नदीकडे पाहिलं, वॉटकडे पाहिलं. “स्कॉटलंडमध्ये, असं वाटतंय.”

“वाटतंय नको. लिहा. आणि खाली सही करा. त्याशिवाय किल्ली मिळणार नाही, पोलीस बोलवायचे तर बोलवा. पण त्यांनाही दोन्ही काठांवरून बोलवावं लागेल.”

त्यानं लिहिलं. मोठ्या अक्षरात, सही, तारीख, सगळं. थेल्मानं तो कागद दोनदा वाचला. तीन महिने जो कागद कुठलीच कचेरी देत नव्हती तो हाच, जुन्या बाजूच्या माणसाच्या हातचा. तिनं किल्ली दिली.

स्कॉटलंडच्या कचेरीच्या नावाचं पाकीट तिनं सकाळीच तयार ठेवलं होतं. पावती आत घातली, चिकटवलं, आणि पाठीमागे स्वतःचा पत्ता लिहिला. वाडी, बेरिक, कोड. मग थांबली, आणि शेवटी मोठ्या अक्षरात ‘स्कॉटलंड’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

गाडी साखळीनं ट्रकवर चढली. कॉलिन निघायला लागला तसं तिनं पाकीट त्याच्यापुढे धरलं.

“वळणावर लाल पेटी आहे. तिच्यावर इंग्लंडच्या पेट्यांसारखं राणीचं नाव नाही, स्कॉटलंडचा नुसता मुकुट आहे. त्याच पेटीत टाका. बेरिकला नेऊ नका.”

“टपाल शेवटी सगळं बेरिकलाच जातं ना, बाई?”

“जातं. मीच न्यायचे,” थेल्मा म्हणाली. “पण तिथे टाकलंत, तर म्हणतील बाई अजून इंग्लंडमध्येच आहे. आणि कचेरीत जाऊन नाही म्हणायला आता माझ्याकडे गाडी नाही.”