ताऱ्यापायी पुढं ढकललेलं लगीन

“ही तारीख सोडली, तर घरातलं एखादं म्हातारं माणूस वर्ष काढणार नाही,” भटजींनी पंचांग मिटत सांगितलं, आणि बैठकीतल्या अकराही जणांनी माझ्याकडे बघितलं. सुलतानपूरच्या आमच्या घरात म्हातारी मी एकटीच.

तारीख नको म्हणत होती माझी नात. ती पुण्यात ताऱ्यांचा अभ्यास करते. सोनाळ्याचा मुलगा तिनंच पसंत केलेला, तिला तो हवाच होता. पण नेमका त्याच आठवड्यात तिचा तारा भडकणार होता.

“कोणता तारा?” मुलाच्या वडलांनी विचारलं. चेहरा पार उतरला होता त्यांचा.

नातीनं बशीत लाडू ठेवला आणि त्याच्याभोवती सुपारी फिरवली. लाडू म्हणजे मोठा तारा. सुपारी म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गोळा, आपल्या तालुक्यात मावेल एवढा, भिंगरीसारखा गरगरणारा. साधारण साडेतीन वर्षांतून एकदा तो मोठ्याच्या अगदी जवळून जातो. दोघांचेही वारे सुटलेले असतात. ते एकमेकांवर आदळले की एक्स-रेपेक्षाही कडक किरणं निघतात. नेमकी कोणत्या दिवशी ते सांगता येत नाही, म्हणून रोज बघत बसावं लागतं.

“इथून दिसते काय तो?” मुलाच्या आत्यानं विचारलं.

“नाही. उपग्रहावरच्या यंत्रानं कळतं.”

“दिसत बी नाही, अन् त्याच्यासाठी लगीन अडवून राह्यली! काऊन वं, समोर बसलेला नवरा नाही दिसत तुले?”

नातीचे डोळे भरले. मला रडणं बघवत नाही, कटकट होते. मी मुलाच्या वडलांना विचारलं, “पाहुणे, तुमच्या तरुणपणी घरी कार्य असताना धान्य उफणायले वारा सुटला, तर काय करत होते?”

“खळ्यात पळत होतो. वारा काय थांबते कोणासाठी?” मग त्यांनाच हसू आलं. “माह्या हळदीतून उठून गेलो होतो मी!”

“बोहल्यावर केसात भुसा होता यांच्या,” त्यांची बायको म्हणाली. “मी अंतरपाटाआडून पाह्यला.”

आत्यासुद्धा हसली.

“मंग आता हिचा वारा सुटून राह्यला. जाऊ द्या तिले,” मी म्हणाले.

“अन् तुमचं काय, आजी?” भटजींनी विचारलं.

“माह्यं मी पाहीन. तुम्ही दुसरी तारीख काढा.”

सोडलेल्या मुहूर्तानंतर चौथ्या दिवशी तारा भडकला. नात फोनवर एवढी ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. दोन महिन्यांनी लगीन लागलं. वरातीत मी नाचले, गुडघे आठवडाभर ठणकत होते.

यंदा तो गोळा पुन्हा जवळून जाऊन आला. या खेपेला नात मांडीवर पोरगी घेऊन बघत बसली होती. त्या बैठकीतले अकराही जण जिवंत आहेत, भटजी धरून. बारावी मी. मीही आहे.