दोन वर्षांची पाठदुखी

आमच्या ह्यांना बाजारात सगळे 'काटेवाले' म्हणतात. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे, हे त्यांचं काम. तपासायची पितळी वजनं ते कधी उघड्या हातानं धरत नाहीत, घामाचंही वजन होतं म्हणून फडक्यानं धरतात. एकदा एक दुकानदार हसत म्हणाला, "काटेवाले, जरा माझ्या बाजूनं झुकू द्या की!" ह्यांनी हत्यारं गुंडाळली आणि समोरचा चहा तसाच टाकून उठले. अशा माणसाचा शब्द एकेचाळीस वर्षांत मी कधी पडताळून पाहिला नाही.

दोन वर्षं त्यांची पाठ दुखत होती. "वाकून काम करतो, दुखणारच," म्हणायचे. मी रोज देवापुढे बसून सांगायची, ह्यांची पाठ बरी कर.

गेल्या मंगळवारी लेक न कळवता आली. सातवा महिना तिला. "बाबा!" म्हणत ती पुढे झाली, तर हे खुर्ची मागे ढकलून ओरडले, "तिथंच थांब! जवळ येऊ नकोस!" आणि आतल्या खोलीत शिरून दार लावलं. पोर रडायलाच लागली. मी दारावर थाप मारली.

"अहो, पोटुशी लेक घरी आली आणि तुम्ही वाघ बघितल्यासारखे पळता?"

"माझ्या अंगातून किरणं निघताहेत. परवा इंजेक्शन झालंय. बाळाला नकोत ती."

मग दाराआडूनच सगळं सांगितलं. प्रोस्टेटचा कॅन्सर. कळला तेव्हाच हाडांत पसरलेला. आधीची औषधं चालेनाशी झाली, म्हणून आता शिरेतून किरणांचं औषध देतात. ते अंगभर फिरून कॅन्सरच्या पेशी हुडकतं, त्यांना चिकटतं आणि जागच्या जागी मारतं. मुळासकट जाणार नाही, पण आटोक्यात राहील. सहा आठवड्यांनी एक, हे दुसरं. नंतर काही दिवस सगळ्यांपासून लांब राहायचं. म्हणजे मागच्या खेपेला "खोकला झालाय, तुला लागेल" म्हणून बाहेर निजले तेव्हा मी बावळटासारखी गरम पाण्याचे तांबे भरून देत होते!

"दवाखान्यात सोबत कोण होतं?"

"ताई."

मी नणंदेला फोन लावला. "वहिनी, त्यानं शपथ घातली होती हो. तुम्ही खचाल म्हणून..."

"मग खचले असते! माझा नवरा आहे तो, ताई."

त्या संध्याकाळी देवापुढे बसले, पण तोंड उघडेना. दोन वर्षं भलतंच मागत होते त्याच्याकडे.

आज हे दवाखान्यातून आले. चपला काढता काढताच म्हणाले, "अगं, रक्तातला कॅन्सरचा आकडा निम्म्यावर आला."

"कागद दाखवा."

"माझ्यावर विश्वास नाही?"

मी नुसता हात पुढे केला. त्यांनी कागद दिला. आकडा ते म्हणाले तोच होता. मी दोनदा वाचला आणि म्हटलं, "आता आधीचे सगळे आणा."