तक्रारीचे क्रियापद

परीक्षा विद्यार्थी देतो आणि मास्तर घेतो, हे मी आयुष्यभर निर्विवाद मानत आलो. म्हणून परदेशी रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळवू पाहणाऱ्या माझ्या सुनेच्या वहीतले 'गिव्ह' शिकवणीवाल्यांनी खोडून 'टेक' केले, तेव्हा माझा संताप अनावर झाला. इंग्रजी संभाषणाच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पुन्हा चुकीचे शिकून जाणे मला मान्य नव्हते. मी निषेधाचे पत्र लिहायला घेतले.

"मामा, थांबा जरा," सून म्हणाली. "साक्षीदार कोर्टात काय देतो?"

"साक्ष."

"अन् इंग्रजीत?"

"गिव्ह एव्हिडन्स!"

"अन् शपथ?"

"घेतो. टेक."

"तिथं जुळलं तवा तुम्ही गप. एका परीक्षेचं न्हाय जुळलं, तर लगेच नोटीस व्हय?"

युक्तिवाद बिनतोड होता. पत्र अर्धवट राहिले आणि मला क्रियापदांचाच नाद लागला. मी शपथ घेतो. शेजारचे चाचा कसम खातात. जामीन आपल्याकडे राहतात; इंग्रजीत मात्र ते 'स्टँड' करतात, म्हणजे उभेच. त्या बिचाऱ्यांना कोणी बसा म्हणत नाही काय, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

सून पुण्याहून परीक्षा देऊन, किंवा घेऊन, आली.

"घरातल्या एका माणसावर बोला म्हणाल्या बाई. मी तुम्हालाच धरलं. बसथांब्याला छप्पर न्हाय म्हणून तुम्ही तक्रारी करता, हे सांगायचं होतं. 'डू' म्हणू का 'मेक'? जीभच अडली. मग तुमच्या पत्रांतला शब्द आठवला. लॉज अ कम्प्लेंट!"

"उत्तम. पुढे?"

"बाईंनी विचारलं, मग त्या तक्रारींचं काय झालं? म्हटलं, अजून लॉजवरच उतरल्यात. लई हसल्या."

मला हसू आले नाही. त्या उत्तरात तथ्य होते. माझ्या तक्रारी संबंधित कार्यालयात वर्षानुवर्षे मुक्कामाला आहेत आणि त्यांना निघा म्हणणारा कोणी नाही.

सून उत्तीर्ण झाली. आता तिची बॅग भरणे चालू आहे. निरोप जाणारा घेतो, राहणारा देतो. इंग्रजीतही जाणाऱ्याच्या वाट्याला 'टेक'च आहे, हे मी शब्दकोशात तपासले. या एका बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत आहे, आणि दाद मागायला जागा नाही.