आठ दिवसांची झडती

दैवशालाबाईंना माणसं दोनच प्रकारची ठाऊक होती: ज्यांच्या घरी पाणी प्यावं ती आणि ज्यांच्या घरी पिऊ नये ती. नोकरी देणाऱ्यांचा एक तिसरा प्रकार असतो, हे कळायला त्यांना चौतिसावं वर्ष उजाडावं लागलं.

माहेर अंबड तालुक्यातलं. वडील गावचे पाटील. म्हणजे पाटीलकी केव्हाच गेली, पण हाक मारायची पद्धत राहिली. सासर मंठ्याकडचं. नवरा राधेश्याम जालन्याला येऊन सळयांच्या कारखान्यात लागला, भट्टीजवळ चक्कर येते म्हणून सुटला आणि त्यानंतर कुणी विचारलं की "पाहून राह्यलो" एवढंच सांगू लागला. बाई स्वतः बारावी पास. प्रमाणपत्र पेटीत पैठणीच्या घडीत असे, पण शेजारणींपुढे ते रोज तोंडानं काढून दाखवलं जाई.

एमआयडीसीत बायांना कामाचा तोटा नव्हता. बियाण्यांच्या कंपन्यांत हंगामभर शेडमध्ये ओळीनं बसायचं, मिरचीचं, टमाट्याचं बी निवडायचं. काळं, फुटकं वेगळं काढायचं. गल्लीतल्या चौघीजणी जात. दैवशालाबाईंना ते मान्य नव्हतं. पोत्यावर बसणं मान्य नव्हतं आणि पोत्यावर आपल्या शेजारी कोण येऊन बसेल, हे तर मुळीच मान्य नव्हतं. त्यांना उभं राहायचं काम हवं होतं. त्यामुळे एका कंपनीला बाई गार्ड पाहिजे असं कानावर आलं, तेव्हा घरातल्या घरात त्यांनी पदर खोचून दोन-तीनदा उभं राहूनही पाहिलं.

गार्ड पुरवणारी एजन्सी म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली आणि त्या खोलीत शिवाजीराव नावाचे निवृत्त हवालदार. समोर बसलेल्या माणसाकडे न पाहता त्याला लहान करण्याची कला त्यांनी सरकारी खर्चानं शिकून घेतली होती.

"अनुभव?"

"कशाचा?"

"गार्डचा, बाई. झडतीचा. भाजी घ्यायला आल्या का इथं?"

"बारा वर्षं सासूच्या हाताखाली काढलीत," दैवशालाबाई म्हणाल्या. "भाकरीच्या टोपल्यापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत रोज झडती व्हायची माझी. कुठं कुठं हात घालतेत, मला बराबर ठाऊक हाय."

शिवाजीरावांनी प्रथमच वर पाहिलं. "म्हंजे घ्यायचा अनुभव न्हाई, द्यायचा हाय. चालंल. अनुभववाल्या बाया मिळतेत कुठं? पर ऐका. कंपनीचं बी चोरीला जाऊन राह्यलंय. चिमटीभर बी, पर मोलाचं हाय. बाई गार्डनं फरक पडतो, हे सायबाला पटलं पाहिजे. आठ दिवसांत एक तरी पकडून दाखवा, नोकरी पक्की. न्हाई तर नवव्या दिवशी शेडमधी पोत्यावर."

"पँट मी घालणार न्हाई."

"तुमच्याकडं पाह्यला कोण रिकामं हाय? साडीवर शर्ट घाला."

प्रशिक्षण त्या जागेवरच झालं. सलाम कसा ठोकायचा हे त्यांनी खुर्चीतून न उठता दाखवलं, शिट्टी पुसून दिली आणि निळा शर्ट पुढे सरकवला. त्याच्या खिशावर आधीच्या कुणा पुरुषाच्या नावाची पट्टी उसवल्याच्या खुणा होत्या. दैवशालाबाईंनी तो घरी आणून दोनदा धुतला.

कामाची जागा म्हणजे शेडच्या दाराशी पत्र्याची खोली, तिला पडदा, बाहेर नळ. संध्याकाळी साडेपाचला शेड सुटे आणि साठ-सत्तर बाया एकेक करून पडद्याआड येत. अंबाडा, कंबर, डबा, तंबाखूची चंची, एवढं पाहायचं. पहिल्या दिवसापासून दैवशालाबाईंच्या झडतीच्या दोन तऱ्हा पडल्या. त्या कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत.

एक तऱ्हा आपल्यांची. त्यांत नंदाबाई नावाची एक निघाली, दैवशालाबाईंच्या मामाच्या भावकीतली सून. नात्यानं वहिनी. तिनं पहिल्याच दिवशी "अगंबाई, वन्सं!" म्हणून गळाभेट घेतली आणि ती गळाभेट हीच तिची झडती ठरली. तिच्या मागच्या दोघी-चौघींनाही "जावा, जावा" एवढंच. घरंदाज बाई चोरत नाही; आणि चोरलंच तर तिच्या कमरेला हात घालणं शोभत नाही.

दुसरी तऱ्हा भीमनगरच्या बावीसजणींची. या बौद्ध वस्तीतल्या बाया; बहुतेकजणी दहा-दहा वर्षं त्याच शेडमध्ये होत्या आणि दोघीतिघींच्या मुली नर्सिंगला होत्या. त्यांचे अंबाडे सुटत, डबे पालथे होत, चंच्या झटकल्या जात. शेवटची गेली की दैवशालाबाई नळावर जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धूत. हे त्या लपवून करत नसत. लपवण्यासारखं काही करतोय, असं त्यांना वाटतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली वडीलधारी कांताबाई नळापाशी थांबली.

"साबण घरचा हाय का कंपनीचा, पाटलीणबाई?"

"कंपनीचा. का?"

"न्हाई, मंग लावा दाबून. सरला तर आमी वर्गणी काढू."

मागे बाया खो-खो हसल्या. दैवशालाबाईंनी वळून पाहिलं नाही. असल्यांच्या तोंडी लागू नये, असं त्यांचं मत होतं. कांताबाईचं तोंड त्यांनी त्या दिवशीही नीट पाहिलं नाही. त्यांच्या लेखी ते बावीस अंबाडे होते.

सहा दिवस गेले, सात गेले. बी सापडलं नाही. राधेश्याम रात्री विचारी, "घावलं का कुणी?" आणि बाई म्हणत, "त्या भीमनगरवाल्या लै चालू हायेत. हाताला लागत न्हाईत." न सापडणं हाच त्यांना पुरावा वाटे. पण पोत्याचं चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं: आपण मांडी घालून बसलोय, नवी कुणी गार्ड दाराशी उभी आहे आणि आपला अंबाडा तिच्या हातात आहे.

आठवा दिवस संक्रांतीचा. माल पाठवायची घाई होती, म्हणून कंपनीनं सुट्टी दिली नव्हती. शिवाजीराव आज मेन गेटवर बसून सगळ्यांचे डबे-पिशव्या पुन्हा पाहणार, असं सकाळपासून शेडभर झालं होतं. तरी रांग आखूड होती, हे दैवशालाबाईंच्या ध्यानात आलं. का आखूड होती, ते आलं नाही. आलेल्या बाया काळ्या साड्या नेसून, नव्या बांगड्या भरून आल्या होत्या. नंदाबाई पडद्याआड शिरली ती पदरात ववसा घेऊनच: बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजरं, उसाच्या कांड्या, तीळ.

"वन्सं, सणाचा दिवस. पदर काढा बाहेर."

"वहिनी, ड्युटीवर हाय मी."

"सवाष्णीला ड्युटी आडवी येते व्हय?"

दैवशालाबाईंनी शर्टाखालून पदर ओढून पसरला. ओंजळीमागून ओंजळ पडली, कुंकू लागलं. "माझी ओटी इथं नका भरू," नंदाबाई म्हणाली, "मागं रांग हाय. बाहेर रिक्षाच्या थांब्यावर थांबते, तिथं द्या मला जल्दी माघारी." आठ दिवसांत प्रथमच दैवशालाबाईंना त्या पत्र्याच्या खोलीत मानानं वागवल्यासारखं वाटलं. डोळे भरून आले. सवाष्णीच्या ओटीत हात घालून पाहायचा नसतो. आणि ही तर स्वतःचीच ओटी.

मेन गेटच्या केबिनमध्ये शिवाजीराव निकाल द्यायला येऊन बसले होते. शेजारी हजेरीपट घेऊन कंपनीच्या आकांक्षा मॅडम. पंचविशीची मुलगी, बोलणं मोजकं.

"घावलं का कुणी?"

"न्हाई."

"मंग उद्यापासून पोत्यावर," शिवाजीराव जांभई देत म्हणाले. "असू द्या. तिळगूळ तरी द्या."

बाईंनी पदर पुढे केला. शिवाजीरावांनी त्यात हात घातला आणि बोराऐवजी चिंधीची एक गाठ बाहेर काढली. सोडली. आत पिवळसर, चपटं मिरचीचं बी.

थांब्यावर ओटी माघारी मागण्यामागची वहिनीची माया दैवशालाबाईंना त्या क्षणी कळली. पण त्याहून लवकर दुसरं काही कळलं: बी सापडलं आहे, आठव्या दिवशी का होईना, आणि नोकरी अजून गेलेली नाही.

"झडतीत पकडलं," त्या म्हणाल्या. "तुमालाच द्यायला आणून राह्यले व्हते."

"आन् पदरात बांधलं? बोरांत?" शिवाजीरावांनी डोळे बारीक केले, पण त्यांनाही पकडलेलं माणूस हवंच होतं. "कुणाकडं घावलं? लिहायला नाव लागतंय."

नंदाबाईचं नाव घ्यायचं म्हणजे मामाच्या गावात कायमचं तोंड लपवायचं. ते नाव ओठांवर आलं नाही. दुसरं शोधावं लागलं नाही. ते आठ दिवस तयारच होतं.

"कांताबाई. भीमनगरची. चंचीत व्हतं तिच्या."

"कधी पकडलं?" आकांक्षा मॅडमनी विचारलं.

"आत्ता. साडेपाचला."

"आज?"

"आज म्हंजे आजच की."

मॅडमनी हजेरीपट फिरवून त्यांच्यापुढे केला. "कांताबाई आज आलेल्याच नाहीत. भीमनगरच्या बावीसच्या बावीसजणी सुट्टीवर आहेत. अर्जांवर माझ्याच सह्या आहेत. आज चौदा जानेवारी, विद्यापीठाचा नामविस्तार दिन. दर वर्षी गाडी करून विद्यापीठाच्या गेटवर जातात." मग थोडं थांबून, आवाज न चढवता, "तुम्ही इथल्याच ना?"

ज्या बायांच्या अंगाला सात दिवस रोज हात लावला, त्यांच्यातली एकही आज रांगेत नव्हती, आणि हे ज्या एका व्यक्तीला कळायला हवं होतं, तिलाच कळलं नव्हतं.

"मी दरसाल बंदोबस्ताला व्हतो तिथं," शिवाजीराव उगाच म्हणाले. मग पुढे वाकले. "बाई, चोर तुमी न्हाई, एवढं मला कळतंय. पुडी कुणी टाकली, तिचं नाव घ्या. बिलकुल खरं नाव. अजून बी नोकरी देतो. पकडलं तुमीच, असं लिहितो."

इतका सोपा सौदा आयुष्यात क्वचितच पुढे येतो. दैवशालाबाईंनी विचार केला. तो निष्ठेचा नव्हता. वहिनी चोर ठरली, तर तिच्या रांगेतल्या सगळ्या घरंदाज बाया संशयात येतील. आणि त्या रांगेच्या शेवटी आपणच उभ्या आहोत, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"ध्यानात न्हाई," त्या म्हणाल्या.

"शर्ट ठेवून जा," शिवाजीराव म्हणाले.

शेडचंही काम आता देता येणार नाही, असं आकांक्षा मॅडमनी सांगितलं. पोत्यावर बसणं अशा रीतीनं टळलं. बाहेर थांब्यावर नंदाबाई नव्हती. केबिनमध्ये काय चाललंय, ते तिला रस्त्यावरून दिसलं असावं. ती त्या कंपनीत हंगामभर होती, आणि हंगामभर घरंदाजच राहिली.

घरी राधेश्याम चहा पीत बसला होता. अंगावर शर्ट नाही, हे त्याला दुसऱ्या घोटाला दिसलं.

"सोडली," दैवशालाबाई म्हणाल्या. "असल्या बायांना हात लावायचं काम आपल्यासारख्यांचं न्हाई."

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या निमित्तानं गल्लीतल्या अकरा घरांत ती हकिकत सांगून झाली. प्रत्येक घरी ती थोडी पुढे सरके. भीमनगरची कांताबाई, तिची चंची, चंचीतलं बी, आणि भल्या बाईला टिकू न देणारी कंपनी. नंदाबाईचं नाव त्यात कुठेच नव्हतं. बाया च्-च् करत, वाण घेत आणि पुढच्या घरी जाऊन तेच सांगत.

राधेश्यामनं मात्र एकदा विचारलं, "मंग तिला पोलिसात का न्हाई दिलं?"

दैवशालाबाईंनी हळदीचा करंडा बंद केला.

"सणाचा दिवस व्हता," त्या म्हणाल्या. "दया आली."